एक चूल, दोन वजने

शिरपूरच्या बाजारपेठेत धान्याच्या अडतीचे एक जुने दुकान आहे. त्या दुकानाच्या गादीवर गेली ४० वर्षे दोन सख्खे भाऊ शेजारी शेजारी बसतात. घरातील नातवंडांपासून वखारीतील हमालांपर्यंत सारे जण थोरल्यांना भाईजी आणि धाकट्यांना काकाजी म्हणतात. घर एक, चूल एक, तिथ्या एक. कंदमूळ दोघांनीही जन्मात चाखलेले नाही. हंगामाची कितीही गर्दी असो, सूर्य मावळण्यापूर्वी दोघांचीही थाळी धुतलेली असते. उकळलेले पाणी एकाच पितळी पिंपातून भरले जाते. तरीही भाईजींचे वजन ५८ किलो आणि काकाजींचे ९६ किलो.

ज्या घरात संयम हाच खरा दागिना मानला जातो, तेथे देहाचा स्थूलपणा हा केवळ आरोग्याचा प्रश्न राहत नाही. तो चारित्र्याचा प्रश्न होऊन बसतो. भाईजींच्या सडपातळ अंगकाठीकडे बोट दाखवून घरातील मुलांना सांगितले जाई, "बघा, याला म्हणतात तोंडावर ताबा." काकाजींविषयी उघडपणे कोणी काही बोलत नसे. दुकानात मात्र एखादे जुने गिऱ्हाईक थट्टेने म्हणे, "काकाजी, काट्याला टेकू नका, शेतकऱ्याचे माप चुकेल." सगळे हसत. काकाजीही हसत.

गेल्या वर्षीच्या पर्युषणात काकाजींनी अठ्ठाई केली. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहिले, तेही गादी न सोडता. पारण्याच्या सकाळी वजन ९० भरले. दिवाळीपर्यंत ते पुन्हा ९६ वर आले. दिवाळीच्या दुपारी, सुना-नातवंडांनी भरलेल्या पंगतीत, भाईजी बोलून गेले, "आठ दिवसांचे तप दोन महिन्यांत फुंकून टाकलेस. तोंडावर ताबा नसेल तर तो उपवास कोणत्या खात्यात धरायचा?"

पंगत गप्प झाली. काकाजींनी ताटात उरलेला घास संपवला, नित्याप्रमाणे थाळी धुऊन ते पाणी प्याले, आणि उठून दुकानात गेले. त्या संध्याकाळी नव्या वह्यांचे पूजन झाले, स्वस्तिक काढले गेले, प्रसाद वाटला गेला. त्या शब्दांचा उच्चार पुन्हा कोणी केला नाही. असे शब्द घरात फार काळ टिकतात, कारण त्यांचा निकाल कधी लागत नाही.

चैत्रात भाईजींच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. धुळ्याच्या डॉक्टरांनी आधी रक्ताच्या तपासण्या करायला सांगितल्या. सोबत गेलेल्या काकाजींनीही हौसेने आपले रक्त दिले. दुसऱ्या दिवशी अहवाल आले तेव्हा प्रयोगशाळेने नावांची अदलाबदल केली असावी, असेच सर्वांना वाटले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा काकाजींचा आकडा ६ टक्के होता, म्हणजे काठावरचा. भाईजींचा होता ८.४ टक्के. तपासणी पुन्हा झाली. आकडा बदलला नाही. भाईजींना मधुमेह होता, आणि तो बहुधा काही वर्षांपासून होता.

डॉक्टरांनी मोजपट्टी काढून भाईजींच्या पोटाचा घेर घेतला. ९४ सेंटिमीटर भरला. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटरच्या पुढे धोका धरतात आणि स्त्रीसाठी ८० च्या पुढे, हे त्यांनी सांगितले. हातपाय काटकुळे, पण सदऱ्याआड पोट सुटलेले, असा देह या देशात घरोघरी दिसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक तंतोतंत एकच, २२.३. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. काट्याला दोघे सारखे, आतून वेगळे. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून स्थूल असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला सांगितले.

भाईजींना डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एक काम सांगितले. तीन आठवडे जे जे पोटात जाईल ते ते लिहून काढायचे. लिहिण्याचे काम भाईजींच्या हातचे होते. त्यांनी दुकानातली एक कच्ची वही घेतली आणि तिचे दोन रकाने पाडले. एक स्वतःचा, दुसरा धाकट्याचा. काकाजींना त्याची कल्पना दिली नाही. जो खातो त्याची साखर ठीक आणि जो आवरतो त्याला मधुमेह, हा उफराटा न्याय डॉक्टरांना कागदावर दाखवावा, असा त्यांचा विचार होता.

ज्येष्ठातले २१ दिवस वही चालली. बाविसाव्या दिवशी भाईजींनी बेरीज मांडली आणि बराच वेळ ते वहीकडे पाहत राहिले. गादीवर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याबरोबर त्यांचा एक चहा होत होता. दिवसाचे ७ कप, प्रत्येकात २ चमचे साखर. २१ दिवसांत ते २९४ चमचे झाले, म्हणजे जवळपास दीड किलो साखर केवळ चहातून. शिवाय चहाबरोबरची बिस्किटे, चारच्या सुमारास येणारी शेव-पापडी, आणि आमरसाच्या वाट्या. काकाजींच्या रकान्यात चहा दोन वेळा, तोही बिनसाखरेचा. भाईजींच्या जेवणात पोळ्या ४, काकाजींच्या २. काकाजींचा रकाना अगदी निर्दोष होता असे नाही. खारी, टोस्ट, तळलेले पापड त्यातही होते. पण दोन्ही रकाने शेजारी ठेवून कोणत्याही मुनिमाने सांगितले असते की जास्त खाणारा कोण आहे.

वहीत आणखी एक नोंद होती. ती मापाची नव्हती, आणि ती का लिहिली हे भाईजींनाही नीट सांगता आले नसते. सातव्या दिवसापुढे त्यांनी लिहिले होते: 'दुसरी पोळी घेण्यापूर्वी माझ्याकडे पाहतो.' तेराव्या दिवसापुढे पुन्हा तेच.

त्या घरातील एक नात शिरपूरलाच औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेते. भाईजींनी वही तिच्यापुढे ठेवली आणि विचारले, "बेटा, चूल एक. तो खातो कमी, भरतो जास्त. हे कसे?"

तिने आधीच बजावले की एका वहीने सारे सिद्ध होत नाही. देहाची घडण आई-वडिलांकडून येते, झोप, हालचाल, थायरॉइडसारख्या ग्रंथी, काही औषधे, या साऱ्यांचा वजनाशी संबंध असतो. काकाजींचे थायरॉइड तपासून झाले होते आणि ते ठीक होते. अठ्ठाईनंतर वजन परत चढले त्यात तर नवल काहीच नव्हते. लांब उपवासात उतरलेल्या वजनाचा मोठा भाग पाण्याचा असतो, आणि जेवण सुरू होताच ते पाणी परत येते. तेव्हा तो तोंडावरचा ताबा सुटल्याचा पुरावा नव्हता. भाईजी त्यावर काही बोलले नाहीत. मग ती म्हणाली, "आणखी एक कारण असू शकते, आणि त्याचा अभ्यास गेल्या वीसेक वर्षांतच नीट सुरू झाला आहे. आपल्या आतड्यात राहणारे जिवाणू."

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, तर शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. बहुतेक जिवाणूंची वस्ती मोठ्या आतड्यात असते, आणि सगळ्यांचे मिळून वजन सुमारे २०० ग्रॅम भरते. देहात असंख्य सूक्ष्म जीव आहेत हे भाईजींना नवीन नव्हते. लहानपणापासून ते प्रवचनांतून ऐकत आले होते. नवीन होते ते हे, की हे जीव जेवणाच्या व्यवहारात भागीदार आहेत. खाल्ले ते जमा आणि खर्चले ते नावे, इतका देहाचा हिशेब सरळ नाही. मधल्या खात्यात कोणीतरी बसले आहे.

ते काय करतात हे समजावताना नातीने शिरपूरचाच दाखला दिला. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली तालुक्यात नाले रुंद आणि खोल केले गेले, बंधारे बांधले गेले, आणि 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ते काम राज्यभर गाजले. त्यापूर्वीही पाऊस पडतच होता. पण पाणी मुरू न देणाऱ्या मातीच्या थरावरून तो वाहून जाई, खोलवर पोहोचत नसे. अन्नाचेही तसेच आहे. साखर आणि मैदा लहान आतड्यातच शोषला जातो. खालच्या वस्तीपर्यंत त्यातले काही पोहोचत नाही. ज्वारीचा कोंडा, डाळींची साले, भाजीतला चोथा, म्हणजे डॉक्टर ज्याला फायबर म्हणतात तो, आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो, आणि तेथील जिवाणू त्यावर जगतात.

चोथा आंबवून हे जिवाणू काही आम्ले तयार करतात. त्यांतील ब्युटिरेट नावाचे आम्ल आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न आहे. इतर आम्ले रक्तातून यकृतापर्यंत जातात. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ५ ते १० टक्के या मार्गाने मिळते असे मानतात. पोट भरल्याची जाणीव मेंदूला देणारी संप्रेरके स्रवण्यातही या आम्लांचा हात असतो. चोथा मिळेनासा झाला की चोथ्यावर जगणाऱ्या जाती घटतात आणि वस्तीचा समतोल ढळतो. उंदरांवरील अभ्यासांत असे दिसले की उपाशी राहिलेले काही जिवाणू मग आतड्याच्या अस्तरावरील चिकट संरक्षक थरच खाऊ लागतात. जिवाणूंच्या आवरणातील विषारी अंश रक्तात झिरपले तर शरीरात मंद दाह धुमसत राहतो. अशा दाहाने इन्शुलिनचे काम बिघडते आणि चरबी साठते, हे फ्रान्स आणि बेल्जियममधील संशोधकांनी २००७ मध्ये उंदरांत दाखवले.

या विषयाला तोंड फुटले तेही उंदरांवरील प्रयोगांनीच. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने जन्मापासून पूर्ण निर्जंतुक ठेवलेल्या उंदरांच्या आतड्यात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले. दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरील चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि त्या काळात ते पूर्वीपेक्षा कमी खात होते. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये त्याच गटाने जुळ्या बहिणींच्या चार जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीत एक बहीण स्थूल, दुसरी सडपातळ. दोघींचे जिवाणू वेगवेगळ्या निर्जंतुक उंदरांत सोडल्यावर स्थूल बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांत चरबी अधिक वाढली. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले गेले. सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्या उंदरांत शिरले आणि त्यांची चरबी वाढणे थांबले. पण हे तेव्हाच घडले, जेव्हा त्यांचा आहार कमी चरबीचा आणि भरपूर चोथ्याचा होता. आहार निकृष्ट असताना चांगल्या जिवाणूंना तेथे ठाव मिळाला नाही.

"किती उंदीर गेले असतील, बेटा?" भाईजींनी मध्येच विचारले. नातीने खाली पाहत उत्तर दिले, "पुष्कळ." थोडा वेळ दोघेही गप्प राहिले. मग भाईजी म्हणाले, "इतक्या जिवांची किंमत देऊन जे कळले, ते निदान वाया जाऊ नये. माणसांचे काय ते सांग."

माणसांचे काम पुण्यात झाले होते. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृश, मध्यम, स्थूल आणि वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले, अशा भारतीय माणसांच्या आतड्यातील जिवाणूंची तुलना करून ती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. स्थूल गटात बॅक्टेरॉइडिस नावाचे जिवाणू अधिक होते, आर्किया नावाचे आदिम सूक्ष्मजीवही अधिक होते, आणि विष्ठेतील आम्लांचे प्रमाणही वाढलेले होते. शस्त्रक्रिया झालेल्यांत तिन्ही तुलनेने कमी होती. जिवाणूंच्या दोन मोठ्या कुळांच्या प्रमाणावरून स्थूल माणूस ओळखता येतो, असे अमेरिकेतील सुरुवातीच्या अभ्यासांत दिसले होते. पुण्याच्या अभ्यासात तसा स्पष्ट कल आढळला नाही.

"प्रत्येक गटात माणसे किती?" भाईजींनी विचारले.

"पाच."

भाईजी किंचित हसले. आयुष्यभर त्यांनी पोत्यात नळी खुपसून काढलेल्या मूठभर नमुन्यावर मालाची पारख केली होती. पाच पोत्यांच्या नमुन्याला किंमत असते, पण तेवढ्यावर सगळ्या वखारीचा भाव फोडायचा नसतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. संशोधकांनी स्वतःही तेच लिहिले होते, की या जिवाणूंची नेमकी भूमिका कळायला आणखी अभ्यास हवा. पुढे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिल्यावरही माणसांत जिवाणू आणि स्थूलपणा यांचे नाते आढळले ते उंदरांतल्याइतके ठळक नव्हते. जिवाणू बदलले म्हणून वजन वाढते, की वजन आणि आहार बदलला म्हणून जिवाणू बदलतात, हेही माणसांत पूर्णपणे सुटलेले नाही. काकाजींच्या आतड्यात काय आहे, हे तर कोणी तपासलेले नव्हते. नातीने तसे स्पष्ट सांगितले. एवढे मात्र पक्के होते, की देहाचे आकारमान पाहून माणसाच्या संयमाचा निवाडा करण्याला शास्त्रात आधार नाही.

घरातील तरुण पिढीला याहून सोपा उपाय हवा होता. चांगल्या जिवाणूंच्या गोळ्या आणि पावडरी बाजारात मिळतात. भाईजींच्या धाकट्या मुलाने त्यांची एजन्सीच घ्यावी असे सुचवले. नफ्याची टक्केवारी चांगली होती. नातीने सांगितले की काही विशिष्ट आजारांत डॉक्टर अशी औषधे देतात. पण वजन उतरवण्यासाठी ती सरसकट घ्यावीत, इतका भक्कम पुरावा अजून नाही. ज्या मालाची खात्री देता येत नाही तो गादीवरून विकायचा नाही, असे सांगून भाईजींनी तो विषय मिटवला. तिने आणखी एक गोष्ट बजावली. साध्या सर्दी-खोकल्याला दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणून खाऊ नयेत. ती रोगाच्या जंतूंबरोबर आतड्यातल्या उपयोगी वस्तीवरही घाव घालतात.

मग घराच्या ताटाचीच तपासणी झाली. ती अधिक अवघड निघाली, कारण नियम कोठेच मोडलेला नव्हता. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, रात्रीचे जेवण नाही. पण भाईजींच्या आईच्या काळी तापीकाठच्या दादर ज्वारीची भाकरी दोन्ही वेळा होत असे, कधी कळण्याची भाकरी असे. आता घरात मैद्याची खारी, बिस्किटे, ब्रेड आणि पाकिटातले फरसाण येत होते. पाकिटावर 'जैन' लिहिलेले असे, आणि ते सूर्यास्तापूर्वीच संपत असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, तर तितक्याच मैद्यात ३ ग्रॅमही नसतो. चातुर्मासात पालेभाजी बंद होते, तिथीला हिरवी भाजी नसते, आणि त्या जागी ताटात येतात शेवभाजी, गट्टे, तळलेले पापड. अभक्ष्य टळते, पण आतड्यातील वस्तीचे अन्नही टळते.

शास्त्राने सांगितलेल्या तपांत उपवासाच्या जोडीने ऊणोदरीचेही नाव आहे, भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याचे. आठ दिवसांच्या अठ्ठाईची मिरवणूक निघते; रोजच्या ऊणोदरीची निघत नाही. आणि भाईजींच्या वहीनुसार त्या घरात ऊणोदरी पाळणारा एकच माणूस होता.

आषाढापासून स्वयंपाकघरात थोडे बदल झाले. भाकरी परत आली. तिथीच्या दिवशी शेवभाजीऐवजी मूग, मठ, चवळी, हरभरे असे अख्खे कडधान्य, मोड न आणता शिजवून होऊ लागले. इतर दिवशी गिलके, दोडके, गवार, भेंडी वाढली. चोथा एकदम वाढवला तर पोटात वायू धरतो, म्हणून हे हळूहळू केले. गादीवरचा चहा दोन कपांवर आला. व्यापाऱ्यांना सुरुवातीला ते रुचले नाही. सूर्यास्तापूर्वीचे जेवण तर होतेच. इस्रायलमधील वाइझमन संस्थेने २०१४ मध्ये दाखवून दिले की आतड्यातील जिवाणूंनाही दिवस-रात्रीची लय असते, ती जेवणाच्या वेळांशी बांधलेली असते, आणि वेळा विस्कटल्या की उंदरांत साखर व वजन दोन्ही बिघडतात. धर्माने हा नियम अहिंसेसाठी सांगितला, त्याला अशा दाखल्याची गरज नाही. पण शरीरालाही तो मानवतो हे ऐकून घरातील मुलांना बरे वाटले.

दोन सूचना डॉक्टरांच्या होत्या. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने आपल्या मनाने लांब उपवास धरू नये. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते, म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी औषधाची मात्रा विचारून घ्यावी. आणि शाकाहारी माणसाने बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. हे जीवनसत्त्व निसर्गात केवळ सूक्ष्मजीवच बनवतात. मोठ्या आतड्यातील जिवाणूही ते बनवतात, पण ते शोषले जाते त्याच्या आधीच्या लहान आतड्यात. त्यामुळे घरातच तयार झालेला माल घरच्यांच्या हाती लागत नाही. दूध-दह्यातून काही मिळते, ते कित्येकांना पुरत नाही. दोघाही भावांचे बी-१२ कमी निघाले.

संध्याकाळचे जेवण झाल्यावर दोघे भाऊ करवंद नाक्याच्या बाजूला चालायला जाऊ लागले. प्रथम मुकाट्याने, मग बाजारभावांविषयी बोलत. भाद्रपद उजाडला तेव्हा काकाजींचे वजन ९२ होते आणि भाईजींची साखर ७.१ वर आली होती. त्यात गोळ्यांचा वाटा किती, चालण्याचा किती आणि भाकरीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. ९२ किलो म्हणजे अजूनही स्थूलपणाच, आणि त्याचे धोके टळलेले नाहीत, हे काकाजींना डॉक्टरांनी सांगितले आहे. काकाजी ते मान्य करतात. त्यांना इलाज हवाच होता. नको होता तो ठपका.

संवत्सरीच्या संध्याकाळी स्थानकात प्रतिक्रमण झाले. दरवर्षीप्रमाणे सारे जण एकमेकांपुढे हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणत होते. हे शब्द इतक्यांना इतक्या वेळा म्हणावे लागतात की कधी कधी तोंडच ते म्हणते. भाईजी गर्दी ओसरेपर्यंत थांबले. मग धाकट्या भावासमोर उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "दिवाळीच्या दिवशी पंगतीत बोललो त्याबद्दल. आणि त्याआधी जितकी वर्षे मनात बोलत आलो, त्याबद्दल."

काकाजींनी वाकून नमस्कार केला. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळायला तासभर असताना, दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसले. सुनेने गरम भाकरी आणली आणि काकाजींना विचारले, "काकाजी, अजून एक वाढू?" काकाजींनी थाळी पुढे केली. भाईजींचे लक्ष तेथेच होते. काकाजींनी त्यांच्याकडे पाहिले नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि मुगाच्या वाटीत बुडवला.